कर्णधार ओरडत नाही, म्हणजे तो कर्णधार नाही?

पत्र थोडक्यात असं. कोल्हापुरातले एक वाचक, वय 29. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे कट्टर समर्थक, आणि शनिवार-रविवारी रात्री मँचेस्टर युनायटेडचे. यंदा तालमीच्या संघाने आघाडी घेऊनही तीन सामने शेवटच्या पंधरा मिनिटांत घालवले. वाचकांच्या मते दोष कर्णधाराचा. तो स्टॉपर बॅक (बचावफळीच्या मध्यावरचा खेळाडू) आहे, ‘मैदानात तोंडच उघडत नाही’. तिसऱ्या सामन्यानंतर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘असला मुका कॅप्टन नको, 10 नंबरला पट्टी द्या’, म्हणजे कर्णधाराची दंडावरची पट्टी 10 नंबरच्या खेळाडूला. तो मेसेज पेठभर फिरला. कर्णधार त्यांचा शाळेपासूनचा मित्र आहे, तो आता बोलत नाही. त्यातच सामन्यांचं ऑनलाइन प्रक्षेपण करणाऱ्या मुलांनी यांना मराठी समालोचन करशील का म्हणून विचारलंय. टीव्हीवरचे समालोचक युनायटेडच्या कर्णधाराला मुद्दाम धारेवर धरतात म्हणून हे आवाज बंद करून सामने बघतात. त्यामुळे प्रश्न असा: माइकवर खरं मत सांगायचं की गुळमुळीत बोलायचं? मित्राचं काय करायचं? आणि कर्णधार बदलण्यासाठी तालमीत होणाऱ्या बैठकीत काय भूमिका घ्यायची?

नमस्कार.

‘तो मैदानात तोंडच उघडत नाही’ हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. सुरुवात तिथूनच करू. हे तुम्हाला कळलं कसं? शाहू स्टेडियमवर सामना रंगात आला की हलगी कडाडत असते, दोन्ही पेठांची पोरं घसा फोडत असतात. स्टॉपर बॅक आपल्या डाव्या बॅकला आठ-दहा मीटरवरून काय सांगतो ते स्टँडमध्ये ऐकू येणं शक्यच नाही. तुम्हाला दिसतात ते फक्त हातवारे. ज्याचे हात हलतात तो संघ चालवतोय आणि ज्याचे हलत नाहीत तो गप्प आहे, असा हिशोब आपण नकळत लावतो.

बचावफळीतल्या माणसाचं बोलणं मुळातच छोटं असतं. ‘पाठीमागं आहे’, ‘वेळ आहे’, ‘सोड’, ‘वर चला’. एका शब्दाचा निरोप, तोही चेंडू पोचण्याच्या आधी. चेंडू गेल्यावर जो मोठ्याने ओरडतो तो बहुतेक वेळा झालेल्या चुकीवर ओरडत असतो. पुढची चूक टाळायला त्याचा उपयोग नसतो. तेव्हा तुमचा मित्र बोलतो की नाही हे आज तुम्हाला ठाऊक नाही, इतकंच खात्रीने म्हणता येईल. ठाऊक करून घेणं अवघड नाही. सरावाच्या वेळी, मैदान रिकामं असताना, गोलपोस्टच्या मागे वीस मिनिटं उभे राहा आणि नुसतं ऐका.

आता तुमच्या युनायटेडकडे येऊ, कारण तुमच्या दोन मतांची गाठ तिथेच आहे. ब्रुनो फर्नांडिसला जुलै 2023 मध्ये हॅरी मॅग्वायरच्या जागी कर्णधार केलं. तो हात झटकतो, सहकाऱ्यांवर चिडतो, पंचांशी हुज्जत घालतो, आणि तुम्ही त्याला ‘तळमळ’ म्हणता. टीव्हीच्या स्टुडिओत बसून त्याच्यावर सगळ्यात कडक टीका कोणी केली? रॉय कीनने. हा तोच कीन, जो 1997 पासून 2005 पर्यंत युनायटेडचा कर्णधार होता आणि ज्याच्याइतका आक्रमक कर्णधार इंग्लंडने क्वचितच पाहिला असेल. मैदानात आवाज चढवण्याबद्दल त्याची तक्रार असणं शक्यच नाही. त्याचा रोख सहकाऱ्यांसमोर हात पसरून वैताग दाखवण्यावर होता. कीन म्हणतो ते सगळं मान्य करायची गरज नाही. ब्रुनो वर्षानुवर्षं जवळपास प्रत्येक सामना खेळतो, सर्वाधिक संधी तयार करतो, आणि हेसुद्धा नेतृत्वात धरायला हवं. पण एवढं तरी घ्या, की ओरडण्यात ज्याचा हात कोणी धरला नसता त्या माणसानेही नुसते हातवारे नेतृत्वात धरले नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण फिलिप लामचं. उंची 1 मीटर 70 सेंटिमीटर, चेहऱ्यावर कधी राग नाही. 2010 च्या विश्वचषकाआधी मिशाएल बालाक जखमी झाला म्हणून जर्मनीचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं. त्या वेळी तिकडेही अनेकांना प्रश्न पडला होता की इतका शांत माणूस संघ कसा चालवणार. 2014 मध्ये ब्राझीलमध्ये तो सुरुवातीला मध्यफळीत खेळला, पण संघाची गरज बघून उपांत्यपूर्व फेरीपासून पुन्हा उजव्या बॅकच्या जागी गेला आणि विश्वचषक घेऊन परतला. कर्णधारानेच तक्रार न करता जागा बदलली, तर बाकीच्यांना तक्रार करायला तोंड उरत नाही.

कर्णधार म्हणजे काय याचं सगळ्यात स्पष्ट चित्र मात्र 12 जून 2021 चं आहे. कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन मैदानात कोसळला. डेन्मार्कचा कर्णधार सिमॉन केअर धावत पोचला, त्याला कुशीवर वळवलं, श्वास मोकळा राहील असं पाहिलं, मग सहकाऱ्यांना भोवती पाठमोरं उभं करून कडं केलं, म्हणजे उपचार चालू असताना कॅमेऱ्यांना काही दिसू नये. नंतर तो एरिक्सनच्या जोडीदाराकडे गेला. या सगळ्यात ओरडणं कुठेच नाही. प्रसंग ओळखणं आहे आणि इतरांना कामाला लावणं आहे. केअरसुद्धा तुमच्या मित्रासारखाच स्टॉपर बॅक.

आपल्या जवळचंही एक सांगतो. जून 2018 मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि स्टेडियममध्ये प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना, त्याचा शंभरावा, तिकिटं संपून भरगच्च झाला. कर्णधाराची कामं नव्वद मिनिटांच्या बाहेरही असतात. तुमच्या तालमीत नवीन पोराला बूट कोण मिळवून देतं, जखमी खेळाडूला दवाखान्यात कोण नेतं, मानधनाचा विषय समितीपुढे कोण काढतं, हे विचारा. उत्तर कदाचित तुमच्या 10 नंबरचं नाव असेल, कदाचित मित्राचं. पण विचारल्याशिवाय पट्टी कोणाला द्यायची ते ठरवू नका.

नियमांच्या पुस्तकात तर कर्णधाराला कसलाच विशेष अधिकार नाही. संघाच्या वागण्याची काही जबाबदारी त्याच्यावर आहे, एवढंच लिहिलं आहे. नाणेफेक सोडली तर पट्टीला कायद्याने फारसं वजन नव्हतं. अलीकडे ते थोडं वाढलंय. 2024 च्या युरो स्पर्धेत ‘पंचांशी फक्त कर्णधारच बोलेल’ अशी पद्धत ठेवली होती. बाकीचे घोळका करून आले की यलो कार्ड. ही पद्धत आता इतर स्पर्धांतही येते आहे. अशा वेळी डोकं शांत ठेवणारा माणूस पट्टीसाठी उपयोगाचा ठरतो. तुमच्या 10 नंबरला यंदा पंचांशी वाद घालून दोनदा यलो मिळाल्याचं तुम्हीच लिहिलं आहे.

आता त्या तीन पराभवांबद्दल. तिन्ही निर्णायक गोल कसे झाले ते तुम्ही नेटकेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. रागाच्या भरात बहुतेक लोक एवढंही बघत नाहीत. एक कॉर्नरवर, एक डाव्या बगलेतून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, म्हणजे क्रॉसवर, एक डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेरून मारलेल्या फटक्यावर.

क्रॉसचा गोल घ्या. हेडर मारणारा स्टॉपरच्या अंगावरून उठला, म्हणून दोष स्टॉपरचा, असं तुम्ही धरलंय. पण क्रॉस मारणाऱ्याला मान वर करून, पाय जुळवून, हवा तिथे चेंडू टाकायला वेळ कोणी दिला? त्या बगलेवर खेळणारा विंगर परत आला नसेल, तर बॅक एकटा दोघांपुढे अडकतो आणि क्रॉस आरामात येतो. तशा क्रॉसवर जगातला चांगला स्टॉपरही दहापैकी काही वेळा हरतो. डीबाहेरचा फटका तर सरळ मध्यफळीचा विषय. कॉर्नर किंवा क्रॉस बाहेर फेकला की चेंडू बहुतेक डीच्या कडेवर पडतो. तिथे आपला एक माणूस उभा असावा लागतो. सगळेच गोलच्या तोंडाशी गोळा झाले तर तो दुसरा चेंडू समोरच्याला आयता मिळतो. तुमच्या मांडणीत ती जागा कोणाची? 10 आणि 8 नंबरची.

शेवटच्या पंधरा मिनिटांत हे वारंवार का होतं, त्याचं कारण ठरलेलं आहे. आघाडी हाताशी असते, पाय जड झालेले असतात, म्हणून बचावफळी नकळत मागे मागे सरकते. पुढचे खेळाडू मात्र दमून वरच राहतात. नीट जुळलेल्या संघात पहिल्या आणि शेवटच्या फळीत साधारण 30-35 मीटरचं अंतर असतं. ते पन्नासच्या पुढे गेलं की मध्ये मोकळं रान होतं आणि समोरचा संघ तिथे चेंडू घेऊन, वळून, मान वर करून खेळतो. उपाय तीन आहेत: पासष्टाव्या-सत्तराव्या मिनिटाला मध्यफळीत ताजा खेळाडू आणणं, चेंडू नुसता लांब न फेकता कोपऱ्याकडे नेऊन ठेवणं, आणि प्रत्येक क्लिअरन्सनंतर, म्हणजे चेंडू बाहेर फेकल्यावर, बचावफळीने आठ-दहा मीटर वर येणं. पहिली गोष्ट प्रशिक्षकाची. शेवटची मात्र पूर्णपणे स्टॉपरची. ‘वर चला’ ही हाक त्यानेच द्यायची असते. तुमच्या मित्राचा खरोखर दोष असेल तर तो इथे सापडेल, आणि तो असू शकतो. पुढच्या सामन्यात चेंडू सोडून फक्त हेच बघा: क्लिअरन्स झाला की त्याची फळी हलते की डीच्या रेषेवर रुतून बसते?

यावरून बघण्याची पद्धत सांगतो. तुमच्यासारखे पुष्कळ वाचक खेळाडूंबद्दल ठाम मतं कळवतात, त्यांनाही ती कामी येईल. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाकीचा वेळ तो काय करतो त्यावर त्याचा दर्जा ठरतो, आणि नेमकं तेच कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून मैदानात बसल्याचा फायदा घ्या. मध्यरेषेजवळच्या खालच्या पायऱ्या सोडा, गोलच्या मागे जितकं उंच जाता येईल तितकं जा. तिथून फळ्यांमधली अंतरं दिसतात. एका सामन्यात एकच खेळाडू निवडा आणि पूर्वार्धात दोनदा पाच-पाच मिनिटं डोळे त्याच्यावरून काढू नका. चेंडू येण्याआधी तो मान वळवून किती वेळा मागे बघतो ते मोजा. नॉर्वेचे संशोधक गेइर युर्डेट यांनी इंग्लंडमधल्या खेळाडूंचा नेमका हाच अभ्यास केला होता. जे जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतात त्यांचे पास जास्त अचूक जातात, असं त्यांना दिसलं.

कर्णधारासाठी वेगळी टिपणं ठेवा. गोल खाल्ल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात तो कुठे जातो? गोलरक्षकाकडे, मध्यरेषेकडे चेंडू घेऊन, की एकटाच खाली मान घालून? सहकाऱ्याने चूक केल्यावर पुढचा पास तो त्यालाच देतो का? कॉर्नरच्या आधी माणसं कोण वाटून देतं? बदली आलेल्या पोराजवळ पहिल्या दोन मिनिटांत कोण जातं? चार सामने असं लिहा, खिशातल्या वहीत, वेळेसकट. मग जे मत होईल ते तुमच्या मित्रासमोर बसून बोलता येण्यासारखं असेल. ‘मुका’ हा शब्द त्या वहीत बहुतेक राहणार नाही.

समालोचनाला होकार द्या. मराठीत फुटबॉल सांगणारी माणसं फार थोडी आहेत. क्रिकेटला बाळ ज. पंडितांसारखा आवाज आकाशवाणीवर मिळाला आणि त्यातून घराघरात क्रिकेटची मराठी रुजली. भारतीय फुटबॉलला नोवी कपाडिया मिळाले. दिल्लीत कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा माणूस देशातल्या क्लबांचे जुने सामने, खेळाडू, गोल तोंडावर सांगायचा. 2021 मध्ये ते गेले. त्यांच्या बोलण्याला वजन होतं ते माहितीमुळे. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठांचा, तालमींचा, घराण्यांचा एवढा इतिहास आहे, आणि तो सांगणारं कोणी हवंच आहे. फक्त तुमचा प्रश्न, ‘खरं मत सांगायचं की गुळमुळीत बोलायचं’, हा मला चुकीच्या जागी पडलेला वाटतो. समालोचकाचं पहिलं काम मत देणं नाही, काय झालं ते सांगणं आहे.

फरक असा. डाव्या बगलेतून क्रॉस आला आणि गोल झाला. एक पद्धत: ‘काय हा गलथानपणा! स्टॉपर झोपलाय!’ दुसरी: ‘क्रॉस येताना स्टॉपर चेंडूकडे बघतोय, 9 नंबर त्याच्या पाठीमागून आत शिरला. आणि क्रॉस मारणाऱ्यावर कोणीच नव्हतं.’ दुसरं बोलणं गुळमुळीत आहे का? उलट ते जास्त कडक आहे, कारण त्यात चूक नेमकी कुठे झाली ते आहे. स्टॉपरच्या घरचे ऐकत असले तरी त्यांना त्यात अपमान वाटणार नाही. तुम्ही पाहिलेली कृती सांगा, माणसाच्या स्वभावाबद्दल, हेतूबद्दल, ‘इच्छाच दिसत नाही’ वगैरे बोलू नका. इच्छा कोणालाच दिसत नसते.

तयारीला आदल्या दिवशी दीड-दोन तास द्या. एका मोठ्या कागदावर दोन्ही संघ मांडणीप्रमाणे काढा, खालून वर: गोलरक्षक, बचाव, मध्य, आघाडी. प्रत्येक नंबरसमोर नाव, कोणत्या पायाचा, यंदाचे गोल, कार्डं, आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट. बदली खेळाडू कडेला. सामन्याच्या आधी अर्धा तास मैदानाजवळ जाऊन बघा, कारण ऐन वेळी जर्सीचे नंबर बदललेले असतात आणि पहिली पाच मिनिटं चुकीची नावं गेली की ऐकणारे विश्वास ठेवत नाहीत. नंबर दिसला नाही तर चालण्यावरून, केसांवरून, बुटांच्या रंगावरून ओळखायची खूण लिहून ठेवा. बाहेरून आलेल्या खेळाडूला त्याच्या नावाचा उच्चार त्यालाच विचारा.

त्या खेळाडूंबद्दल आणखी एक. 2020 मध्ये इंग्लंडच्या खेळाडू संघटनेबरोबर झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या चार मोठ्या लीगचे 80 सामने तपासले. समालोचक गोऱ्या खेळाडूंची बुद्धी आणि मेहनत वाखाणत होते, काळ्या खेळाडूंची ताकद आणि वेग. तुमच्या पत्रातही संघातल्या नायजेरियन स्ट्रायकरबद्दल ‘राक्षसी ताकद’ आहे आणि पेठेतल्या विंगरबद्दल ‘डोकं’. तो स्ट्रायकर योग्य क्षणी ऑफसाइडच्या सापळ्यातून निसटतो म्हणून गोल करतो. ते डोकंच आहे. टीव्हीवरच्या समालोचकांचा कल तुम्हाला खटकतो ना? आपलाही असतो. तो मोजायचा सोपा मार्ग म्हणजे आपलंच रेकॉर्डिंग ऐकणं. पहिल्या दोन सामन्यांनंतर दहा मिनिटांचा तुकडा काढा, आपल्या आणि समोरच्या संघाला किती विशेषणं लावली ते दोन रकान्यांत मांडा. युनायटेडच्या सामन्याचंही तेच करून बघा, आवाज चालू ठेवून. समालोचक पक्षपाती आहे की आपल्याला फक्त टीका तेवढी लक्षात राहते, हे कळेल.

नियम पक्के करा, कारण स्टँडमध्ये चालणारी चूक माइकवर चालत नाही. ऑफसाइड ठरतं चेंडू मारला त्या क्षणी. तो मिळाला त्या क्षणी खेळाडू कुठे होता याला महत्त्व नाही, आणि धावणारा स्ट्रायकर तेवढ्यात पाच मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय तुम्ही रेषेत नसाल तर कोनामुळे अंदाज फसतो. म्हणून लाइन्समनच्या झेंड्याकडे बघून बोला. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. गोलकिकचा चेंडू 2019 पासून सहकारी डीच्या आतच घेऊ शकतो, अजूनही त्यावर स्टँडमधून ओरडा होतो. ‘लास्ट मॅन होता, रेडच हवं’ हे वाक्य तर टाकूनच द्या. नियमात लास्ट मॅन असा शब्दच नाही. पंच चार गोष्टी बघतात: गोलपासून अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बचावपटू किती व कुठे आहेत. आणि फाऊल डीमध्ये चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना झाला असेल, तर पेनल्टीबरोबर रेडऐवजी यलो. 1 जुलै 2025 पासून गोलरक्षकाने आठ सेकंदांहून जास्त चेंडू हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, हेही लक्षात असू द्या.

पंचांनी शिट्टी वाजवली की आधी त्यांचा हात बघा, मग बोला. एक हात वर धरून ठेवलाय म्हणजे अप्रत्यक्ष फ्री किक. तुम्ही ‘पेनल्टी!’ म्हणून ओरडलात आणि त्यांनी कॉर्नर दिला, तर आपल्याकडच्या तापलेल्या सामन्यात तुमचा तो एक शब्द मोबाइलवरून स्टँडमध्ये पोचतो आणि बाटल्या मैदानात येतात. पेठांमधली ईर्ष्या तुम्हाला मी सांगायला नको. निर्णय पटला नाही तर ‘आम्ही बसलोय तिथून धक्का लागल्यासारखा वाटला, पंच मात्र जवळ होते’ इथवर ठीक आहे. पुढे जाऊ नका.

कोणी जखमी होऊन पडला तर दुखणं काय ते सांगू नका, फक्त उपचार चालू आहेत म्हणा आणि कॅमेरा लांब न्यायला सांगा. घरचे बघत असतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. डोक्याला लावायचा माइक घ्या, तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर, ओठांच्या समोर न ठेवता किंचित कडेला, त्यावर स्पंज. हलगी आणि गर्दीचा आवाज दुसऱ्या माइकने घ्या आणि तुमच्या आवाजाखाली ठेवा. तो बंद केलात तर सामना मेल्यासारखा वाटतो. ऑनलाइन चित्र दहा-वीस सेकंद किंवा जास्तही मागे असतं, म्हणून मोबाइलवरचं प्रक्षेपण बघून बोलू नका, मैदानाकडे बघा. दर तीन-चार मिनिटांनी संघ, गोलसंख्या आणि वेळ सांगा, लोक मधूनच येऊन बसतात. आणि गोल झाल्यावर गप्प राहायला शिका. 13 मे 2012 ला अग्वेरोने शेवटच्या क्षणी मँचेस्टर सिटीला लीग जिंकून दिली तेव्हा समालोचक मार्टिन टायलरने त्याचं नाव लांबवून पुकारलं आणि मग बराच वेळ स्टेडियमलाच बोलू दिलं. युनायटेडचे म्हणून तो दिवस तुम्हाला नकोसा असेल, तरी ते समालोचन एकदा ऐका.

पहिला हंगाम आपल्या तालमीचे सामने मात्र घेऊ नका. इतर संघांचे घ्या. पुढे घ्यावेच लागले तर सुरुवातीलाच ‘मी अमुक तालमीचा’ असं सांगून टाका, आणि शेजारी समोरच्या पेठेतला सहसमालोचक बसवा. एकाने खेळ सांगायचा, दुसऱ्याने खेळ थांबल्यावर कारणं सांगायची. दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही.

मित्राबद्दल. मेसेज चारचौघांत गेला, तेव्हा माफीचे दोन शब्दही तिथेच जायला हवेत, आणि ते त्याला भेटण्याआधी: ‘मी त्या दिवशी जे लिहिलं ते चुकीचं होतं. नीट न बघता लिहिलं. त्याची माफी मागतो.’ ‘कोणाला वाईट वाटलं असल्यास’ हे शेपूट लावू नका, आणि खेळावरची चर्चा त्याच मेसेजमध्ये पुन्हा सुरू करू नका. मग सामना नसलेल्या दिवशी एकटे जाऊन भेटा. सल्ले द्यायला जाऊ नका, विचारायला जा: शेवटच्या पंधरा मिनिटांत मागून काय दिसतं? कोण ऐकत नाही? तो पहिल्या भेटीत बोलणार नाही कदाचित. तीन सामन्यांचा आणि एका शब्दाचा राग आहे तो, वेळ घेईल.

बैठकीत कर्णधार बदलण्याच्या बाजूने मत देऊ नका, पण मित्र आहे म्हणून त्याची वकिलीही करू नका. तुमच्याकडे तीन गोलांचा तपशील आहे, तोच मांडा: कॉर्नरला माणसं वाटून कोण देणार, डीच्या कडेवर कोण थांबणार, सत्तराव्या मिनिटाला मध्यफळीत कोण येणार. ही तीन नावं ठरवा, पुढचे चार सामने बघा, पट्टीचा विषय त्यानंतर घ्या असं सुचवा. 10 नंबरचा विंगरांवर आवाज चालतो, तर त्याला उपकर्णधार करून पुढच्या फळीला मागे आणण्याचं काम नावानिशी सोपवता येईल. आणि बैठकीत काय बोलणार आहात ते आदल्या दिवशी मित्राच्या कानावर घाला, म्हणजे त्याला ते दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.